ट्रेलसाठी स्पोर्ट एटीव्ही घेताय? सीसी नंतर बघा, आधी वाट बघा

कृषी पर्यटनावरचा आपला व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, आमची पाच एकर जमीन आहे, मागे माळ आहे, पुण्याची माणसं येतात. एटीव्ही राइड सुरू करायची आहे. कुठली स्पोर्ट एटीव्ही घेऊ?" प्रश्नाखाली बहुतेक वेळा एखाद्या सातशे सीसीच्या गाडीचा फोटो असतो. धूळ उडवणारी, पुढची दोन चाकं हवेत.

माझं भिंगारला स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि धंदा शिकवणं हेही माझं काम आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे मी दोन बाजूंनी बघतो. गाडी चालेल का? आणि गाडी पोसेल का? आज माझं मत स्पष्ट सांगतो. गिऱ्हाइकाला पैसे घेऊन ट्रेलवर फिरवायचं असेल, तर स्पोर्ट एटीव्हींपैकी सगळ्यात कमी 'स्पोर्ट' असलेली गाडी घ्या. तीसुद्धा वाट आखून झाल्यावर. फोटोतली ती मोठी गाडी स्वतःच्या हौसेसाठी ठीक आहे, पण धंद्यासाठी नाही. यावर बरेच जण नाराज होणार हे माहीत आहे. पण यात कुणाचं घरातलं सोनं गहाण पडतं, कुणाचं सोसायटीचं कर्ज वाढतं आणि कुणाच्या तरी पोराचा हात मोडू शकतो. म्हणून गोड बोलत नाही.

स्पोर्ट एटीव्ही म्हणजे नक्की काय?

एटीव्ही ढोबळमानाने दोन प्रकारच्या. पहिली युटिलिटी. पुढे-मागे सामानाचे रॅक, बहुतेक वेळा चारही चाकांना जोर, ऑटोमॅटिक बेल्टवर चालणारी, वजनाला भारी. शेतात चारा, पाइप, फवारणीचं सामान ओढायला ती चांगली. दुसरी स्पोर्ट. हलकी, बुटकी, रुंद पायांची, लांब सस्पेन्शनची. जोर फक्त मागच्या चाकांना आणि तोही बहुतेक चेनवर. मोठ्या मॉडेलना मोटरसायकलसारखा हाताचा क्लच आणि पायाचे गिअर.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण विकणारा ही सांगत नाही. स्पोर्ट एटीव्हीची मागची दोन्ही चाकं एकाच सरळ ॲक्सलवर असतात, मध्ये डिफरन्शियल नसतो. म्हणजे वळताना आतलं आणि बाहेरचं चाक एकाच वेगाने फिरतं. गाडी सरळच जायला बघते. तिला वळवायचं तर चालवणाऱ्याने अंग वळणाच्या आत झुकवावं लागतं. येणाऱ्याला हे जमतं, त्याला मजा येते. पण आयुष्यात फक्त स्कूटी चालवलेला माणूस हँडल वळवतो, गाडी वळत नाही, तो घाबरतो आणि घाबरून अंगठा आणखी दाबतो. एटीव्हीचा अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो हे लक्षात घ्या. धक्का बसला की माणूस हँडल घट्ट पकडतो, आणि त्या पकडीत अंगठा दाबला जातो. दीडशे-दोनशे किलोची गाडी मग बांधावरच चढते.

पॅटन रणगाड्याचा धडा

आपल्या नगरला गाड्यांची निवड शिकायला लांब जायची गरज नाही. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथेच आहे, गाड्यांच्या चाचण्या घेणारी डीआरडीओची व्हीआरडीई इथेच आहे आणि १९९४ पासून कॅव्हलरी टँक म्युझियमही आहे. पोरांना घेऊन तुम्ही कधीतरी गेला असालच. पुढच्या वेळी तिथला पॅटन रणगाडा धंदेवाल्याच्या नजरेने बघा.

पॅटन कागदावर जबरदस्त होता. चाळीस टनांच्या वरचा, त्या काळातला नावाजलेला अमेरिकन रणगाडा. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन पुढे आले. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं होतं, ऊस उभा होता. जड रणगाडे चिखलात मंदावले, रुतले आणि उसात दबा धरून बसलेल्या आपल्या तोफांच्या आणि रणगाड्यांच्या टप्प्यात आले. आपल्याकडचे शर्मन तर त्याहून जुने होते. आता त्याच म्युझियममधला पीटी-७६ बघा. जेमतेम चौदा टनांचा, पाण्यात तरंगणारा. नद्यानाल्यांच्या पूर्व बंगालमध्ये १९७१ साली तो कामाला आला. तोफेने तो पॅटनपेक्षा लहान, पण त्या जमिनीला योग्य.

ताकद जमिनीवर ठरते, माहितीपत्रकावर नाही, एवढंच मला म्हणायचंय.

म्हणून आधी वाट

आपल्या जिल्ह्यात जमीन गावागावाला बदलते. मुरमाड माळ असेल तर तुमचं नशीब चांगलं. पाणी निचरतं, पाऊस उघडला की लवकर वाट चालू करता येते. काळी माती असेल तर पावसाळ्यात गाडी बंदच समजा. चाकाला माती चिकटून ते भाकरीच्या गोळ्यासारखं होतं, आणि एकदा चाकोरी पडून वाळली की पुढचे चार महिने तीच चाकोरी गाडी उलटवायला पुरते. खडकाळ उतार असेल तर सस्पेन्शनचा खर्च आजच लिहून ठेवा.

वाट कशी आखायची? माझं मत, एक ते दीड किलोमीटरचा बंद फेरा पुरे. एकाच दिशेने जाणारा, समोरून कोणी येणार नाही असा. रुंदी किमान आठ-दहा फूट. गाडीच जवळजवळ चार फूट रुंद असते. विहीर, शेततळं, तारेचं कुंपण, विजेचा खांब यांपासून लांब. चढ सौम्य, कारण तीव्र चढावर अंगठा जास्त दाबला तर गाडी मागे उलटते. वळणावर मातीचा कठडा. आणि एक सपाट मोकळी जागा, जिथे गिऱ्हाईक आधी पाच मिनिटं सराव करील.

वाट फक्त स्वतःच्या किंवा लेखी कराराने घेतलेल्या जमिनीतच. "सर, मागचा डोंगर मोकळाच आहे" असं म्हणू नका. तो डोंगर बहुधा वनखात्याचा असतो. आपल्या बाजूला बरीच जमीन लष्कराचीही आहे. के. के. रेंजमध्ये खऱ्या तोफा डागल्या जातात, तिकडे साहस करायला जायचं नाही. आणि गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन असंही समजू नका. आपल्याच कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य आहे, ते अशाच माळावर. गवतातून दहा वाटा पाडण्यापेक्षा एकच वाट पक्की करा.

रस्त्याचंही तसंच. मौजेसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची आरटीओत नोंदणी होत नाही. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ही ट्रॅक्टर म्हणून मान्य असलेली गाडी भारतात आणली, पण ती युटिलिटी आहे, स्पोर्ट नाही. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये बसत नाही. म्हणजे शेतातून शेतात जाताना मधला गावरस्ता ओलांडायचा असेल तर तुमचा ट्रेल तिथेच संपतो. गाडी घेतल्यावर हे कळलं तर काय उपयोग?

गाडी कोणासाठी? तुमच्यासाठी नाही

दुकानदाराने स्वतःला आवडणारा माल भरायचा नसतो, गिऱ्हाईक नेणारा भरायचा असतो. इथे उलटं होतं. तरुण उद्योजक स्वतः चालवून बघतो, अंगावर काटा येतो आणि सही करून मोकळा होतो. पण शनिवारी तुमच्याकडे कोण येणार आहे? पुण्याहून आलेलं कुटुंब. बाबा ऑफिसात बसणारे, आई थोडी घाबरलेली, कॉलेजची मुलगी उत्साहात आणि बारा वर्षांचा मुलगा हट्ट करणारा. यांच्यातल्या सगळ्यात घाबरलेल्या माणसाला जी गाडी चालवता येईल, ती तुमची गाडी.

त्या बारा वर्षांच्या मुलाबद्दल आत्ताच ठरवा. मोठ्यांची गाडी त्याला द्यायची नाही. वडिलांच्या पुढे बसवूनही नाही, कारण स्पोर्ट एटीव्ही एकट्यासाठीच बनवलेली असते, दुसरा बसला की अंग झुकवायला जागाच उरत नाही. अमेरिकेत हे फार महागात शिकले. होंडाने १९७० मध्ये तीन चाकी एटीव्ही विकायला सुरुवात केली, ती तुफान खपली, माणसं आणि मुलंही दगावली. शेवटी १९८८ मध्ये तिथल्या सरकारबरोबर झालेल्या तडजोडीत कंपन्यांनी नवीन तीन चाकी विकणं थांबवलं आणि मोठ्या गाड्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत हेही मान्य केलं. ज्या बाजारात हजारो गाड्या खपतात तिथे ही वेळ आली, तर आपल्या माळावरचा नियम आपणच करायला हवा.

आता गाडीवर येऊ

नावं घेऊनच बोलतो. यामाहाची रॅप्टर ७००आर ६८६ सीसीची, पाच गिअर आणि रिव्हर्स. वायएफझेड४५०आर ४४९ सीसीची, शर्यतीसाठी बनवलेली, तिला रिव्हर्सच नाही. ट्रेलवर एखाद्याने गाडी झुडपात घातली तर ती चार माणसांनी मागे ओढायची! चांगला चालवणारा असेल तर दोन्ही गाड्या उत्तम. पण तुमच्या गिऱ्हाइकासाठी नाहीत.

सुझुकीने भारतात दोन एटीव्ही आणल्या होत्या. क्वाडस्पोर्ट झेड४००, खरी स्पोर्ट, हाताचा क्लच, तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास. आणि ओझार्क २५०, हाताचा क्लच नसलेली, बरीच स्वस्त. एकाच कंपनीने दोन वेगळ्या माणसांसाठी दोन गाड्या ठेवल्या, हे लक्षात घ्या. यातली एखादी जुनी विकायला आली तर आधी विचारा, हिचा कार्बोरेटर, हिच्या ब्रेकचे पॅड, हिची बेअरिंग आज कोण देणार?

होंडाची टीआरएक्स२५०एक्स २२९ सीसीची, हवेवर थंड होणारी, रिव्हर्स असलेली. पोलारिसची फिनिक्स २०० ही १९६ सीसीची, ऑटोमॅटिक, फक्त पुढे-न्यूट्रल-मागे, आणि ती भारतात विकली गेलेली आहे. दिसायला स्पोर्ट, चालवायला सोपी. मी 'सगळ्यात कमी स्पोर्ट' म्हणतो ते या जातीला. दीडशे ते अडीचशे सीसी, क्लच नाही, रिव्हर्स आहे, डिस्क ब्रेक आहे, पुढे खरं सस्पेन्शन आहे.

याच्याही खाली ११०-१२५ सीसीच्या बिननावाच्या गाड्या ऑनलाइन मिळतात, लाखाच्या आत-बाहेर. त्यांचा मोह आवरा. गाडी येते खोक्यात, जोडायची तुम्ही. वेल्डिंग कोणी केलं माहीत नाही, हँडलची सळई कुठल्या लोखंडाची माहीत नाही. घरच्या अंगणात फिरवणं वेगळं आणि पैसे घेऊन अनोळखी माणसाला बसवणं वेगळं.

घेण्याआधी पाच गोष्टी हाताने तपासा. एक, अंगठ्याच्या थ्रॉटलला मर्यादा घालणारा स्क्रू आहे का, म्हणजे नवख्याला वेग बांधून देता येतो. दोन, दोरीचा किल स्विच आहे का किंवा लावता येतो का. माणूस पडला की इंजिन बंद झालंच पाहिजे. तीन, पायाखाली पूर्ण फूटरेस्ट आणि जाळी आहे का, नाहीतर पाय मागच्या चाकात जातो. चार, चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग, बेल्ट तुमच्यापासून एका दिवसाच्या अंतरावर मिळतात का. पाच, विकणारा तुमच्या जमिनीवर गाडी चालवून दाखवायला तयार आहे का. व्हीआरडीईसारख्या संस्था गाडीला वेगवेगळ्या ट्रॅकवर पळवतात आणि मगच शेरा देतात. तुम्ही लाखो रुपये देणार आणि शोरूमच्या फरशीवर बघून घेणार?

हवा आणि धूळ

दोन गोष्टी दुकानदार म्हणून सांगतो. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा अगदी कमी असते, साधारण चार ते सात पीएसआय. टायर मऊ राहतो, जमिनीवर पसरतो, म्हणून पकड मिळते. रणगाड्याचा पट्टा रुंद असतो त्याचं कारणही वजन पसरवणं हेच. पंक्चरवाल्याने सवयीने मोटरसायकलएवढी हवा मारली की गाडी चेंडूसारखी उडायला लागते. कमी दाब मोजणारा वेगळा गेज घ्या, किंमत फार नाही.

दुसरी धूळ. फेब्रुवारी ते मे आपल्याकडे काय धूळ असते ते सांगायला नको. पाठोपाठ चालणाऱ्या गाड्यांत मागची गाडी सगळी धूळ खाते. फोमचा एअर फिल्टर धंद्याच्या प्रत्येक दिवसानंतर धुवून, तेल लावून बसवायचा. दोन फिल्टर ठेवा, एक गाडीवर, एक वाळत. हे केलं नाही तर पिस्टन-रिंगचा खर्च पहिल्याच उन्हाळ्यात समोर येतो.

हिशोब मांडून बघू

आकडे समजुतीसाठी घेतोय, तुमचे तुम्ही भरा. समजा लहान गाडी साडेतीन लाखांची. वीस मिनिटांची राइड ४०० रुपये. महिन्यात शनिवार-रविवार धरून ८ दिवस, दिवसाला ८ राइड, म्हणजे ६४ राइड आणि २५,६०० रुपये. पेट्रोल, पोराचा पगार, दुरुस्ती, विमा धरून ४० टक्के गेले, हातात राहिले १५,३६०. पावसाळ्याचे तीन महिने सोडून नऊ महिने धरा, १,३८,२४०. गाडी साधारण अडीच वर्षांत फिटते.

आता साडेआठ लाखांची मोठी गाडी. गिऱ्हाईक जास्तीत जास्त ५०० देईल, कारण त्याला सीसी कळत नाही, फोटो कळतो. ३२,००० आले. टायर, क्लच, महाग सुटे भाग, म्हणून निम्मे गेले. राहिले १६,०००. नऊ महिन्यांचे १,४४,०००. ही गाडी फिटायला जवळजवळ सहा वर्षं! वर्षाला जेमतेम सहा हजार जास्त मिळवायला पाच लाख जास्त गुंतवले. यात व्याज अजून धरलंच नाही.

आणि एक विसरू नका. पुढे वाट दाखवणारा तुमचा माणूस लागतो, त्यालाही गाडी लागते. दोन एटीव्ही घेतल्या तर कमावणारी एकच. त्याला जुनी मोटरसायकल द्या, मुरमाच्या फेऱ्यावर ती पुरते.

"पण सर, लोकांना थ्रिल हवं असतं"

हा मुद्दा खोटा नाही. हळू गाडीवर माणूस कंटाळला तर परत येणार नाही, पाच जणांना सांगणारही नाही. पण थ्रिल येतं कशातून? बुटक्या गाडीवर, जमिनीच्या जवळ, वळणावळणाच्या वाटेवर ताशी पंचवीसचा वेगसुद्धा साठसारखा वाटतो. दोन-तीन लहान उंचवटे, एक पाण्याचा उथळ पट्टा, शेवटी सूर्यास्त दिसणारा थांबा. हे सगळं फावड्याने आणि थोड्या जेसीबीच्या तासांनी होतं. वाटेवर खर्च केलेला पैसा प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसतो, सीसीवरचा दिसत नाही.

अनुभवी रायडर यायला लागले, वर्षभर वही नीट भरली, तर एक २५०ची गिअरवाली स्पोर्ट गाडी दुसऱ्या टप्प्यात घ्या. वेगळा दर, वेगळी वेळ, आधी चाचणी. त्याला माझी ना नाही.

कागद

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये. साहसी उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आधी करा, बोर्ड नंतर रंगवा. रस्त्यावरच्या गाडीचा नेहमीचा विमा नोंदणी नसलेल्या एटीव्हीच्या कामाचा नाही. विमा एजंटकडे पब्लिक लायबिलिटी पॉलिसीबद्दल विचारा आणि एटीव्ही राइड त्यात लिहून घ्या. गिऱ्हाइकाची सही घेतलेला 'आमची जबाबदारी नाही' हा कागद तुमचा हलगर्जीपणा झाकत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पूर्ण हेल्मेट, बूट, हातमोजे, कोपर-गुडघ्याचे गार्ड हे भाड्यातच धरा. दारू प्यायलेल्याला परत पाठवा, तो कितीही मोठा पाहुणा असला तरी.

तर या रविवारी एवढंच करा. शोरूमला जाऊ नका. चुन्याची पिशवी आणि टेप घेऊन स्वतःच्या जमिनीवर जा. फेरा आखा, पायी तीन वेळा चाला, मग सायकलने फिरा. कुठे माती काळी, कुठे उतार, कुठे विहीर, हे वहीत लिहा. घरातल्या सगळ्यात भित्र्या माणसाला बरोबर घ्या आणि विचारा, इथे तू गाडी चालवशील का? त्याचं उत्तर 'हो' आलं की मग मला मॉडेलचं नाव विचारा. तोपर्यंत पैसे बँकेतच बरे आहेत.